सूज उतरली म्हणून प्रेडनिसोलोन थांबवू नका

ताई, तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १५ किलो. मिरजेच्या डॉक्टरांनी नेफ्रोटिक सिंड्रोम सांगून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिलं, दहा दिवसांत सूज गेली. आता गोळ्या थांबवू का आणि प्रोटीन पावडर देऊ का, असं विचारलंत. दोन्ही नको.

या आजारात किडनीची गाळणी सैल झाल्याने रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीवाटे जातं, म्हणून सूज येते. पहिल्या वेळचा नेहमीचा कोर्स १२ आठवड्यांचा असतो: सहा आठवडे रोज किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला ३० मिलिग्रॅम, आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड किलोमागे दीड. सकाळी, खाल्ल्यावर. मध्येच तोडला तर आजार उलटू शकतो. शिवाय अंगातलं स्वतःचं स्टेरॉईड बनणं मंदावलेलं असतं, त्यामुळे ताप-उलटीत पोर एकदम गळून जाऊ शकतं.

सूज बघून ठरवू नका, ती उशिरा कळते. मेडिकलमधून लघवीच्या प्रोटीनच्या पट्ट्या आणा. सकाळची पहिली लघवी घ्या, पट्टी बुडवून लगेच काढा, कडेला निथळा आणि बरोबर ६० सेकंदांनी डबीवरच्या रंगांशी जुळवून त्यापुढचा आकडा बघा. पिवळी राहिली तर प्रोटीन नाही; जितकी गडद हिरवी, तितकं जास्त. डबीचं झाकण उघडं राहिलं की पावसाळी दमटपणाने पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकतो. वहीत तारीख, आकडा, वजन आणि डोस रोज लिहा. ओळीने तीन दिवस ३+ किंवा ४+ आलं तर आजार उलटला. डॉक्टरांना कळवा, डोस मनाने वाढवू नका. सर्दी-तापात हे बऱ्याचदा होतं, तेव्हा रोज तपासाच.

जादा प्रोटीनने गळती थांबत नाही. वयाला साजेशी डाळ, अंडं, दूध पुरे. सूज असेपर्यंत मीठ मात्र खरंच कमी हवं: पापड, लोणचं, खारे शेंगदाणे आणि आपलं सांगलीचं भडंगसुद्धा बंद. स्टेरॉईडने भूक सुटते, पोर सारखं खायला मागतं. काकडी, फळं हाताशी ठेवा. किडनीचा आजार म्हणून मुतखड्याचे काढे देऊ नका.

ताप आणि पोटदुखी एकत्र आली, एकच पाय सुजला, लघवी फारच कमी झाली, तर त्याच दिवशी मिरज गाठा. शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या आणि तुमच्या मुलाला त्या कधी झालेल्या नसतील, लसही नसेल, तर पुरळाची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा.