पहिल्यांदा रक्त चढवताना

भीती वाटते म्हणतेस, ते चांगलंच आहे. सगळं एकदम शिकू नकोस, एवढं आधी हातात बसव.

पडताळणी खाटेपाशीच. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचार, "तुम्ही अमुक ना?" असं कधीच नको, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. मग मनगटावरची पट्टी, पिशवीचं लेबल, रक्तगट, मुदत. दोन नर्सनी, स्वतंत्रपणे.

पहिली १५ मिनिटं हलू नकोस. हुडहुडी, ताप, कंबरदुखी, धाप, अंगावर गांधी, काहीही दिसलं की आधी रक्त थांबव. सुई काढू नकोस. नव्या सेटने सलाइन लाव आणि डॉक्टरांना लगेच बोलाव.

नवीन मुली जास्त चुकतात त्या वेगात. वयस्कर, किडकिडीत, हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांना जादा भार पेलत नाही, फुप्फुसात पाणी साचतं. त्यांना एका वेळी एकच पिशवी, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेगाने, सावकाश. पण ४ तासांच्या आत. दुसरीआधी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घे. आडवा पेशंट उठून बसू लागला, बोलताना वाक्य तुटू लागलं, तर मॉनिटरची वाट बघू नकोस, रक्त थांबव आणि डॉक्टरांना बोलाव.

इरॅडिएटेड, म्हणजे किरणांची प्रक्रिया केलेल्या रक्ताचं नंतर शिकवीन. तोवर चार्टवर खास सूचना असेल तर विचारल्याशिवाय पिशवी लावू नकोस.