महीकाठचं मचूळ पाणी: मंजुरीआधी खरेदी नको

पादरा तालुक्यात डबक्याकडे जमीन असलेल्या बडोद्यातल्या काही मराठी बागायतदारांचा प्रश्न: उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, जमिनीवर पांढरा थर येतो. दुकानदार सांगतो, एकरी दोन टन जिप्सम टाका, लगेच ठिबक बसवा, पैसे सरकार देईल. काय करावं?

उत्तर: आधी खिशात हात घालू नका. हा पांढरा थर या पट्ट्यात मी किती शेतांत पाहिला असेल, आणि निम्म्या ठिकाणी जिप्समचं काहीच काम नव्हतं. जिप्सम चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीचं औषध आहे, सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तेव्हाचं. तुमची जमीन नुसती खारवट असेल, म्हणजे ईसी (क्षारांचं मोजमाप) ४ च्या वर पण सामू ८.५ च्या खाली, तर जिप्समने क्षार जात नाहीत. ते जातात गोड्या पाण्याने आणि निचऱ्याने. दुकानदाराला हे माहीत नसतं, किंवा असलं तरी तो सांगत नाही. मातीचा आणि पाण्याचा तपास केल्याशिवाय एक पोतंही आणू नका. पाण्याचा नमुना पंप अर्धा तास चालवून मगच भरा.

तपासात चोपण निघालीच, तर मात्रा अहवालातली घ्या, शेजाऱ्याची नको. वेळ पावसाआधीची. वरच्या चार बोटं मातीत मिसळा, बांध घट्ट करा, पाऊस शेतात थांबू द्या. हिवाळ्यात जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

पाणी मचूळ का होतं, हे तुम्ही जाणताच. खंभातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी, आणि वर मही नदीवर कडाणा धरण व वणाकबोरीच्या बंधाऱ्याला गोडं पाणी अडतं. उन्हाळ्यात नदीत जोर राहत नाही, खाडी आत शिरते. त्यात आपण बोअर आणखी खोल नेतो. खोल नेऊ नका. आणि कारखान्यांचं सांडपाणी सारोदला खाडीकडे नेणाऱ्या कालव्यातून कुणी 'खतासारखं पाणी' म्हणून मोटर लावायला सांगितली तर सरळ नाही म्हणा.

माझा आग्रह ढैंच्याचा, म्हणजे हिरवळीच्या खताच्या पिकाचा. पहिल्या पावसावर एकरी २० ते २५ किलो बी, ४०-४५ दिवसांनी, फुलोऱ्याआधी गाडा. मग भाजीपाला घ्या. हे दरवर्षी करा, एकदा करून सोडू नका. बडोद्यातून येऊन-जाऊन शेती करणाऱ्यांना ही तारीख चुकते. चुकवू नका, राठ झालेला ढैंचा लवकर कुजत नाही.

ठिबकचं अनुदान थोडक्यात: केंद्राच्या 'पर ड्रॉप मोअर क्रॉप' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, कमाल ५ हेक्टरपर्यंत. राज्य वरून भर घालतं. अर्ज आपल्या फर्टिलायझरनगरच्या ग्रीन रिव्होल्यूशन कंपनीकडे, नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत. मात्र टक्केवारी योजनेत ठरवलेल्या युनिट खर्चावर मिळते, दुकानदाराच्या बिलावर नाही. बिल फुगवलं तर फुगवटा तुमच्या माथी. मंजुरीआधी बसवलेल्या संचाला पैसे मिळतील असं सांगणाऱ्याला लेखी द्यायला सांगा, तो देणार नाही.

ठिबक बसल्यावर एक चूक सगळे करतात: पहिल्या हलक्या पावसाला बंद करतात. करू नका. कडेला साचलेले क्षार त्या सरींनी मुळांपाशी उतरतात आणि झाड करपतं. जोरदार पाऊस होईपर्यंत ठिबक चालू ठेवा.

युरियातही अशीच चूक होते. पावसाचा अंदाज असताना फेकू नका, एका वेळी पोतं रिकामं करू नका. तीन-चार हप्ते करा. नाही तर तो कांसेतून (पावसाळी नाल्यातून) थेट खाडीत जातो, आणि पीक पिवळंच राहतं म्हणून दुकानदार आणखी एक पोतं देतो.

तिवरांच्या (खारफुटीच्या) लागवडीला पैसे मिळतात का, असंही एकाने विचारलंय. 'मिष्टी' योजना २०२३ पासून आहे, पण ती किनाऱ्यावरच्या जमिनींसाठी, वनखात्यामार्फत. तुमच्या सातबाऱ्यातल्या शेतासाठी नाही.