ट्रकच्या ब्रेकसाठी मी सुरक्षा यंत्र बनवलंय, त्याला सरकारी मान्यता कशी मिळवायची?

तुम्ही निपाणीचे, गॅरेजवाले. ट्रकचा ब्रेक ड्रम तापला की केबिनमध्ये बझर वाजतो आणि तरीही चालकाने लक्ष दिलं नाही तर यंत्र स्वतःच एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक) लावतं, असं काहीतरी तुम्ही बनवलंय. आरटीओत गेलात तर 'आमच्याकडे असलं काही होत नाही' म्हणाले. आता मंत्र्यांना निवेदन द्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. गाड्यांचे सुटे भाग करतो, त्यांचे नमुने टेस्टिंगला पुण्याला न्यावे लागतात, त्यामुळे या वाटेवरचे खाचखळगे थोडेफार माहीत आहेत.

आरटीओत जे सांगितलं त्यात टाळाटाळ नाही. गाडीची बांधणी आणि तिच्यातली उपकरणं यांचे नियम करायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११० ने केंद्राकडे दिलाय. म्हणजे इथे बंगळूरही नाही आणि मुंबईही नाही. निवेदनं द्यायची आपल्या भागाला जन्मापासून सवय आहे म्हणा, पण मंत्र्यांनी शेरा मारला तरी तो कागद फिरून फिरून टेस्टिंगवाल्यांच्याच टेबलावर येणार.

आता टेस्टिंगवाले कोण? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ मध्ये त्यांची यादीच आहे. आपल्याला जवळच्या म्हणजे पुण्यातली वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. तिथे नमुना घेऊन गेलात की पहिला प्रश्न येतो, 'कुठल्या स्टँडर्डखाली?' सगळं घोडं अडतं ते इथे. वाहन उद्योगाच्या या स्टँडर्डना एआयएस म्हणतात. स्पीड गव्हर्नरला एआयएस-०१८ आहे, बस-टॅक्सीतल्या लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटणाला एआयएस-१४० आहे, बसमधली आग ओळखून विझवणाऱ्या यंत्रणेला एआयएस-१३५ आहे. ब्रेक ड्रम तापल्याची सूचना देणारं यंत्र ट्रकला बसवलंच पाहिजे, असं कुठल्या नियमात नाही. जिथे मोजायला पट्टीच नाही तिथे पास-नापास ठरवणार कसं? सरकार तुमच्या यंत्राच्या विरोधात आहे असं अजिबात नाही. त्या खात्यात तुमच्या यंत्रासाठी रकानाच नाही, एवढंच.

रकाना करून घेता येतो. एआयएस समितीत मसुदा तयार होतो, सीएमव्हीआर-टीएससी नावाची तांत्रिक स्थायी समिती त्यावर शिफारस करते, मग दिल्लीत रस्ते वाहतूक मंत्रालय अधिसूचना काढतं. पण याला किती वेळ लागतो ते बघा. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये घडलेल्या निर्भया प्रकरणानंतर देश रस्त्यावर उतरला होता. तरी ट्रॅकर आणि पॅनिक बटणाचा नियम १२५एच आला नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि नव्या गाड्यांना तो प्रत्यक्ष लागू झाला १ जानेवारी २०१९ पासून. एकट्या माणसाने या रांगेत आयुष्य घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तुमच्या जागी असतो तर यंत्राचे दोन तुकडे केले असते.

एक्झॉस्ट ब्रेक आपोआप लावणारा भाग सध्या बाजूला ठेवा. तो गाडीच्या नियंत्रणात हात घालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२ए प्रमाणे अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो. कायद्याचं राहू द्या, उद्या अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिलं बोट तुमच्या डब्यावर ठेवेल. भरल्या ट्रकची मागची चाकं पावसात ओल्या उतारावर अचानक धरली गेली तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. हा भाग ट्रक बनवणाऱ्या कंपनीनेच गाडीत घालायचा असतो.

बझरवाला भाग मात्र सोन्यासारखा आहे. तवंदी घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या थरापासून) लांब जातो, लायनरची पकडही कमी होते आणि चालक पेडल दाबत राहतो. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलेलं असलं तर विचारूच नका. त्याला आधी कळलं तर तो गिअरमध्ये येईल, गाडी बाजूला घेईल. हा भाग नुसतं सांगतो, करत काही नाही. म्हणून त्याची वाट बरीच सोपी आहे.

पण एक गोष्ट तपासा. तुम्ही सेन्सर लायनरला भोक पाडून आत बसवलाय का? तसं असेल तर काढा. ब्रेक लायनर स्वतःच टेस्ट होऊन आलेला भाग आहे. त्याला ड्रिल लावलं की तो टेस्ट झालेला भाग राहिला नाही. इन्फ्रारेड सेन्सर पट्टीवर बाहेर बसवून ड्रमकडे रोखा. आपल्याकडे उसाच्या हंगामात फडातल्या वाटेचा चिखल त्याच्या काचेवर दोन खेपांत थापला जाईल आणि ड्रम लालबुंद झाला तरी यंत्र थंडच दाखवेल. काच झाकली गेली की बझरने तेही सांगितलं पाहिजे. बोगस 'सगळं ठीक' दाखवणारं यंत्र नसलेलं परवडतं.

हे झालं की टेस्टिंग संस्थेकडे मान्यता मागू नका, रिपोर्ट मागा. कंपन, पाणी आणि धूळ, उष्णता, २४ व्होल्टच्या लाईनमधले झटके, आणि एआयएस-००४ भाग ३ प्रमाणे विद्युतचुंबकीय चाचणी. पैसे भरून या चाचण्या करून मिळतात. तो रिपोर्ट म्हणजे मान्यता नव्हे, त्यामुळे डब्यावर 'सरकारमान्य' छापायचं नाही. पण ट्रान्सपोर्टवाले आणि कंपन्यांचे इंजिनिअर तोच आधी बघायला मागतात. संकेश्वर-निपाणीच्या एखाद्या ट्रान्सपोर्ट मालकाला गाठा, वेगळा फ्यूज टाकून त्याच्या गाड्यांवर एक हंगाम चालवा आणि तापमानाची नोंद ठेवा. ती वही घेऊन कंपनीच्या दारात जा. कंपन्यांनी मनावर घेतलं तर स्टँडर्डचा विषय समितीत त्याच नेतील.

शेवटी पेटंटचं, कारण त्याला तारीख असते. पेटंट म्हणजे वापरायची परवानगी नव्हे, ते फक्त दुसऱ्याला नक्कल करू देत नाही. तुम्ही कर्नाटकात राहता म्हणून अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो. कोगनोळी नाक्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलात राहत असता तर मुंबईला गेला असता. अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्तीला सुरुवातीची फी १६०० रुपये. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. प्रश्नात तुम्ही म्हणताय की व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार आहात. अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नको. आधीच टाकला असेल तर आजच पेटंट एजंटला फोन करा आणि कुठल्या तारखेला, काय काय दाखवलं ते त्याला नीट सांगा.