खाण्याच्या रंगाने डीएनए खराब होतो का, आणि हे तपासतात तरी कसं?

तुम्ही विचारलंय की कांद्याच्या मुळांवर टार्ट्राझिन टाकलं तर क्रोमोझोम तुटले असं एका पेपरात आलंय, मग तोच पिवळा रंग मिठाईत चालतो कसा, आणि दुकानातला लाडू या टेस्टसाठी कुठे देता येईल. मी जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे केमिकलने डीएनए बिघडतो का ते बघणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे औषधं आणि कीटकनाशकं जास्त येतात, रंग क्वचित, पण टेस्ट त्याच असतात म्हणून लिहितेय.

आधी कांद्याचं बघू, कारण असे पेपर आपल्याकडे ढिगाने निघतात. स्वस्त टेस्ट आहे, कांदा ग्लासवर ठेवायचा, मुळं फुटली की रंगाच्या पाण्यात बुडवायची, मग टोकं कापून रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचं की पेशी नीट विभागतायत का, क्रोमोझोम चिकटलेत का, मागे राहिलेत का. एमएस्सीच्या प्रोजेक्टला झकास. पण त्या पेपरातलं प्रमाण बघा ना एकदा, समजा 0.5 टक्के लिहिलं असेल तर ते झालं लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 5000 पीपीएम (दहा लाख भागांत 5000 भाग), आणि आपल्याकडे ज्या पदार्थांत हे रंग चालतात तिथे साधारण मर्यादा आहे 100 पीपीएम. शिवाय कांद्याला ना जठर ना लिव्हर ना आतडं. एवढ्या घट्ट द्रावणात मुळं तशीही आजारी पडतात, ते डीएनएमुळेच झालं असं लगेच म्हणता येत नाही. टेस्ट वाईट नाहीये, नदीतलं किंवा कारखान्याचं पाणी चाळायला उपयोगी आहे, फक्त तिच्यावरून रंगाला फाशी द्यायची नसते.

खरी सुरुवात होते एम्स टेस्टने, 1970च्या दशकात बर्कलीच्या ब्रूस एम्सनी बसवलेली. साल्मोनेला बॅक्टेरियाच्या अशा जाती घेतात ज्यांना हिस्टिडिन नावाचं अमिनो ॲसिड स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर त्या वाढत नाहीत. पण तुम्ही टाकलेल्या केमिकलने डीएनएत नेमक्या जागी बदल झाला तर काही बॅक्टेरिया पुन्हा हिस्टिडिन बनवायला लागतात आणि त्यांच्या कॉलन्या दिसतात. दोन दिवसांनी कॉलन्या मोजायच्या, नुसत्या पाण्याच्या प्लेटशी तुलना करायची. निदान पाच वेगवेगळ्या जाती वापराव्या लागतात कारण प्रत्येक जात वेगळ्या प्रकारची चूक पकडते. बॅक्टेरियाला लिव्हर नसतं म्हणून उंदराच्या लिव्हरचा अर्क, ज्याला आम्ही एस-नाइन म्हणतो, तो घालून एकदा आणि न घालता एकदा असं दोन्ही करतात. (रंगाच्या प्लेट मोजायला वैताग येतो, प्लेटमधली अख्खी जेली केशरी झालेली असते आणि मशीन धड मोजत नाही.)

यातच तुमच्या लाडवाचं उत्तर आहे. लाडू वाटून एम्सला टाकला तर बेसनातल्या प्रोटीनमधून हिस्टिडिन येणार, बॅक्टेरियाला आयतं जेवण मिळणार आणि कॉलन्याच कॉलन्या. रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि त्याला अर्थ शून्य. म्हणून ही तपासणी शुद्ध रंगाची होते, पदार्थाची नाही.

आता रंगांची खरी गोम. आपल्याकडे परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पोन्सो फोर-आर हे चार ॲझो रंग आहेत, म्हणजे मधे दोन नायट्रोजनचा जोड असतो. तो जोड आतड्यातले बॅक्टेरिया तोडतात, आणि मग शरीरासमोर जो येतो तो रंग नसतोच, त्याचे तुकडे असतात, ॲरोमॅटिक अमाइन्स, ज्यातले काही डीएनए बिघडवू शकतात. साध्या एम्समध्ये हा जोड नीट तुटत नाही, रंग निर्दोष सुटतो. म्हणून 1980च्या सुमारास अमेरिकेत प्रिव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धत बदलली, उंदराऐवजी हॅमस्टरच्या लिव्हरचा अर्क आणि त्यात एफएमएन, जे बी-टू व्हिटॅमिनपासून बनतं, म्हणजे जोड प्लेटवर जायच्या आधीच तुटतो. ॲझो रंगाचा रिपोर्ट वाचताना मी पहिलं हेच शोधते, हे केलेलं नसेल तर पुढचं वाचायची मला तरी घाई नसते.

तुकडे कसे आहेत त्यावर सगळं अवलंबून. परवानगीच्या ॲझो रंगांत जोडाच्या दोन्ही बाजूंना सल्फोनिक गट (रेणूला पाण्यात विरघळवणारे गंधकाचे गट) मुद्दाम बसवलेले असतात, त्यामुळे तुकडेही पाण्यात विरघळणारे, आतड्यातून फारसे आत न शिरणारे आणि शिरले तरी लघवीवाटे जाणारे. याउलट बटर यलो, ज्याने 1930च्या दशकात जपानमध्ये उंदरांना लिव्हरचा कॅन्सर झाला, किंवा मिरची पावडरीत सापडलेला सुदान वन, हे तेलात विरघळणारे, त्यांना असा गट नाही. आणि रंग बनवताना राहून गेलेल्या मोकळ्या अमाइन्सचं काय, तर त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पेसिफिकेशनमध्ये 0.01 टक्क्याची वेगळी मर्यादा आहे.

प्लेटनंतर पेशी आणि मग जिवंत उंदीर. उंदरांत मुख्यतः दोन टेस्ट, मायक्रोन्यूक्लियस (बोनमॅरोच्या पेशीत तुटक्या क्रोमोझोमचा छोटा गोळा राहिलाय का) आणि कॉमेट (पेशीतला डीएनए विजेच्या प्रवाहात ओढायचा, तुटलेला असेल तर धूमकेतूसारखी शेपटी दिसते). यावरून मोठा वाद झालाय. 2002मध्ये जपानी गटाने 39 फूड ॲडिटिव्ह उंदरांच्या आठ अवयवांवर कॉमेटने तपासले आणि टार्ट्राझिन, अमरांथ, अल्युरा रेडसारख्या रंगांनी आतड्यात डीएनए तुटलेला दिसला, तेही फार मोठ्या डोसला नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2013मध्ये नव्याने टेस्ट करा अशी शिफारस केली. 2017ला टार्ट्राझिन आणि अल्युरा रेडचे नवे निकाल आले, कॉमेट आणि मायक्रोन्यूक्लियस दोन्ही निगेटिव्ह. हे काम रंग बनवणाऱ्यांच्या संघटनेने करवून घेतलं होतं हे लक्षात ठेवा, पण टेस्ट ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, पॉझिटिव्ह कंट्रोलसकट (डीएनए नक्की तोडणारं केमिकल तुलनेला ठेवून) झाल्यात आणि मला त्या जुन्या निकालापेक्षा जास्त पटतात. आतड्याची पेशी मरायला लागली तरी कॉमेटमध्ये शेपटी दिसते, ही त्या टेस्टची जुनी अडचण आहे.

आणि प्रत्येक बंदी डीएनएमुळेच असते असंही नाही. अमेरिकेने जानेवारी 2025मध्ये रेड थ्रीची, म्हणजे आपल्या एरिथ्रोसिनची, खाण्यातली परवानगी काढली ती नर उंदरांना थायरॉइडचा कॅन्सर झाला म्हणून, पण तिथे कारण हार्मोनचं होतं. त्यांच्या 1960च्या रंगांविषयीच्या कायद्यात प्राण्यात कॅन्सर दिसला की रंग बाद, कारण काहीही असो.

माझी खरी काळजी टार्ट्राझिन नाहीये. सुट्या लाडवात मेटॅनिल यलो असू शकतो, 2024मध्ये तमिळनाडू आणि पुद्दुचेरीत ज्यावरून म्हातारीच्या केसांवर (कॉटन कँडीवर) बंदी आली तो रोडामिन बी असू शकतो, हे कपड्याकागदाचे रंग, खाण्यात मुळात परवानगीच नाही. मेटॅनिल यलो तुटला की एका बाजूला सल्फोनिक गट नसलेला अमाइन मोकळा होतो, सल्फोनिक गटांचा वर सांगितलेला दिलासा तिथे लागू पडत नाही.

तर लाडू जेनेटिक टेस्टला देऊ नका, मान्यताप्राप्त फूड लॅबमध्ये सिंथेटिक कलरच्या तपासणीला द्या. ते क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले रंग वेगळे करून, कुठला रंग आणि किती ते सांगतात. अन्न सुरक्षा कायदा 2006च्या कलम 40 खाली कुठलाही ग्राहक फी भरून फूड ॲनालिस्टकडे नमुना देऊ शकतो, फक्त घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि नमुना नियमात बसला नाही तर फी परत मिळते.