कूपर शिकवताय? संक्षिप्त आवृत्ती हातात घेऊ नका

न्यू जर्सीत अकरावीच्या वर्गाला जेम्स फेनिमोर कूपरची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी शिकवताना मुलं तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटतात आणि शाळा आता संक्षिप्त आवृत्ती घ्या म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंत. वाचून राहवलं नाही. मीही इथेच, त्याच इयत्तेला ही कादंबरी शिकवलीय.

लांबलचक वाक्यांबद्दल बोलत नाही, तो अनुभव तुम्हाला आहेच. मला खरा फटका बसला तो पुस्तकखरेदी बघणाऱ्या कार्यालयाचा. मूळ कादंबरी मागितली होती, त्यांनी संक्षिप्त प्रती माथी मारल्या. पाठलाग, झटापटी, गुहा, सगळं शाबूत. पण अकराव्या प्रकरणातलं मॅग्वाचं, म्हणजे कादंबरीतल्या ह्युरॉन जमातीच्या खलनायकाचं, बोलणंच उडवलेलं! गोऱ्यांनीच दारूची चटक लावली आणि प्यायलो म्हणून तुझ्या बापाने सगळ्या सैनिकांदेखत बांधून चाबकाने फोडलं, असं तो ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या मुलीला, कोराला सांगतो. सोळाव्या प्रकरणात कोराच्या आईचं मूळ वेस्ट इंडीजमधल्या गुलामांपर्यंत जातं हे कळतं, तेही गायब. मग एकाने निबंधात लिहिलं, ‘मॅग्वा वाईट आहे, कारण तो वाईट आहे.’ त्या मुलाला काय बोलणार? कार्यालयाचं उत्तर एवढंच, की कथानक तर तेच आहे. अजून संताप होतो.

माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही: सुरुवात अकराव्या प्रकरणाने करा. मग सोळावं, सतरावं. सतराव्याच्या आधी ब्रिटिशांच्या फोर्ट विल्यम हेन्री या किल्ल्याला फ्रेंचांनी ऑगस्ट १७५७ मध्ये घातलेला वेढा सांगा. फ्रेंच सेनापती माँकाल्मने शरण आलेल्यांना सुखरूप जाऊ देण्याचं वचन दिलं होतं, तरी हल्ला झाला. एवढं झालं की मुलं पहिलं प्रकरण आपणहून उघडतात, निदान माझ्याकडे तरी.

शीर्षकातल्या ‘शेवटचा’वर मात्र एक तास राखून ठेवाच. कादंबरी १८२६ ची, मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा १८३० चा. आणि मोहिकन ही मूळ रहिवाशांची जमात संपलेली नाही. त्यांचा स्टॉकब्रिज-मुन्सी समाज आज विस्कॉन्सिनमध्ये आहे. त्यांचा इतिहास त्यांच्याच संकेतस्थळावरून वाचायला लावा.

१९९२ चा सिनेमा आधी दाखवू नका. त्यात कोरा जगते, कादंबरीत मरते, आणि मुलं परीक्षेत सिनेमाच लिहितात.

मूळ पुस्तकावर आता कॉपीराइट नाही. शाळेचे छपाईचे नियम एकदा बघा, पण ही तीन प्रकरणं छापून वाटायला खरेदी कार्यालयाची वाट बघावी लागत नाही.