तैवानमध्ये शाकाहारी माणसाला तिथला पारंपरिक नाश्ता जमेल का, की हॉटेलचा बुफेच घ्यावा?

जमेल. बुफे घेऊ नका. नुसती खोली बुक करा आणि सकाळी खाली उतरा.

एवढं ठामपणे लिहितेय, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. कुठलंही लग्नकार्य असो, माझे मोठे दीर चारचौघांत सांगतात, "तैवानला शाकाहारी माणसाची उपासमार होते." ते तैवानला आले होते हे खरं. पण तिथे असताना एकाही सकाळी ते हॉटेलच्या दाराबाहेर पडले नाहीत.

माझी लेक तैवानमधल्या शिन्चू शहरात पीएचडी करते. तिला भेटायला आम्ही दोघं, दीर आणि जाऊबाई असे गेलो होतो. तैपेईत मेन स्टेशनजवळ उतरलो. पहिल्या सकाळी बुफेत टोस्ट, कॉर्नफ्लेक्स आणि कापलेली फळं, शिवाय आम्ही घरून नेलेल्या दशम्या. लेक म्हणाली, "काका, उद्या फूहांगला जाऊ. मेट्रोने एकच स्टेशन." भाऊजी म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आलो ते सोयाबीनच्या दुधासाठी रांगेत उभं राहायला?" झालं, विषय संपला. आमच्याकडे त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि लेक निघालो, तर लिफ्टपाशी जाऊबाई साडी नेसून तयार. म्हणाल्या, "मी येते गं. ते झोपलेत."

फूहांग दोउज्यांग हे नाश्त्याचं दुकान; दोउज्यांग म्हणजे सोयाबीनचं दूध. ते हुआशान मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर (आपल्या हिशेबाने पहिल्या) आहे. मेट्रोचं शान्दाओ टेम्पल स्टेशन, एक्झिट ५. पहाटे साडेपाचला उघडतं. मिशलिन या नावाजलेल्या खाद्य-मार्गदर्शिकेच्या यादीत नाव आल्यामुळे पर्यटक असतातच, पण रांगेत गावची माणसंही तितकीच होती: ऑफिसला निघालेली, शाळेचं दप्तर पाठीला लावलेली पोरं, पिशव्या घेऊन आलेल्या आज्या. रांग जिना उतरून रस्त्यावर येते, पण भराभर सरकते. वर पोचलं की काचेपलीकडे कामगार दिसतात. एक जण कणकेचा लांब पट्टा लाटतो, दुसरा त्यावर तीळ लावून तुकडे करतो, तिसरा तो तुकडा तळहातावर घेऊन दंडापर्यंत हात भट्टीत घालतो आणि आतल्या भिंतीला थापतो. ही शाओबिंग. जाऊबाईंनी जन्मभर भाकऱ्या थापल्या आहेत. त्या काचेला चिकटून उभ्या राहिल्या. "हात भाजत नसेल का गं त्याचा?" एवढंच म्हणाल्या आणि रांगेतली मागची बाई खुणावेपर्यंत हलल्या नाहीत.

लेकीने काउंटरवर प्रत्येक पदार्थाचं विचारून घेतलं आणि आम्ही खारं दोउज्यांग, गोड दोउज्यांग आणि योउत्याओ घेतलं. योउत्याओ म्हणजे तळलेली लांब, पोकळ, कुरकुरीत कांडी. खाऱ्या दोउज्यांगची गंमत अशी की वाडग्यात आधी व्हिनेगर, बारीक चिरलेलं लोणचं, कांद्याची पात आणि योउत्याओचे तुकडे घालतात आणि वरून उकळतं सोयाचं दूध ओततात. लिंबू पिळल्यावर आपलं दूध फाटतं तसं ते डोळ्यांदेखत फाटतं आणि मऊ गुठळ्या वर येतात. त्यावर थोडं तिखट तेल. सोयाबीनचा तो कच्चा हिरवा वास, ज्याला आपली माणसं नाकं मुरडतात, तो तिथे अजिबात नसतो. दाणे भिजवून, वाटून, गाळून दूध नीट उकळलेलं असतं. फूहांगच्या दुधाला तर किंचित करपट वास येतो, आणि लोक त्या वासासाठीच येतात. जाऊबाईंनी वाडगा संपवला, मग गोड दूध मागवलं, त्यात योउत्याओ बुडवून खाल्लं. इतक्या वर्षांत त्यांना असं सावकाश बसून, कुणाला वाढायला न उठता खाताना मी पाहिलं नव्हतं.

आणि हा नाश्ता काही फक्त चैनीचा नाही. १९४९ नंतर चीनमधून लाखो लोक तैवानला आले. त्यातल्या उत्तरेकडच्या माणसांनी पोटासाठी सोयाचं दूध, शाओबिंग आणि योउत्याओ विकायला सुरुवात केली. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मदतीतून गहू आला आणि भाताच्या देशात मैद्याचे पदार्थ रुळले. तैपेईहून नदी ओलांडली की योंगहे लागतं. तिथली दुकानं इतकी गाजली की आज तैवानभर ज्याच्या त्याच्या पाटीवर 'योंगहे दोउज्यांग' लिहिलेलं दिसतं, एकमेकांशी काही संबंध नसला तरी. त्यामुळे फूहांगलाच गेलं पाहिजे असं मुळीच नाही. कुठल्याही गल्लीत सकाळी वाफ आणि गर्दी दिसली की शिरा. बऱ्याच दुकानांत छापील कागदावर पेन्सिलने खुणा करून ऑर्डर द्यायची असते. गोड दोउज्यांग, एखादं दानबिंग (अंड्याची पातळ गुंडाळी) असं घेतलं तरी बिल शंभर तैवानी डॉलरच्या आत राहतं. हॉटेलच्या बुफेला याच्या कितीतरी पट मोजाल.

आता तुम्ही शाकाहारी आहात म्हणून. मी अंडं खाते, जाऊबाई खात नाहीत, तरी दोघींची पोटं भरली. खाऱ्या दोउज्यांगात सुकी कोळंबी घालतात, ती आधीच वाडग्यात असते, म्हणून ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा. फानथ्वान म्हणजे चिकट भाताचा रोल, त्यात डुकराच्या मांसाचा सुका कीस असतो, पण पुष्कळ ठिकाणी शाकाहारी फानथ्वान वेगळा मिळतो. शाओबिंगच्या कणकेत काही ठिकाणी डुकराची चरबी असते, विचारल्याशिवाय खाऊ नका. मुळ्याच्या केकमध्येही कोळंबी असू शकते. तळणाचं तेल वेगळं हवं, कांदा-लसूणही नको, इतकं कडक पाळत असाल तर सरळ बौद्ध शाकाहारी दुकान गाठा. पाटीवर आपल्या स्वस्तिकाच्या उलट वळलेलं स्वस्तिक असतं, आणि सकाळी नाश्ता देणारी अशी दुकानं शहरांत पुष्कळ आहेत. तैनानला जाणार असाल तर तिथली प्रसिद्ध न्याहारी गोमांसाचं सूप आणि मासळीची पेज आहे, ती तुमच्या कामाची नाही. तिथेही सोयाच्या दुधाचीच दुकानं शोधा.

घरचे मोठे बरोबर असतील आणि त्यांना उतरायचं नसेल, तर त्यांना बुफेला बसवा आणि तुम्ही जा. ज्याला यायचंय त्याला घेऊन जा, विशेषतः घरातल्या बायकांना, ज्यांना "तुला काय खायचंय?" असं कुणी विचारत नाही. भाऊजींचं म्हणणं, मी त्यांच्या बायकोला फूस लावली. फूस कसली? त्या स्वतः पहाटे उठून लिफ्टपाशी उभ्या होत्या. मुक्कामातल्या बाकीच्या सकाळीही त्या आल्या, शिन्चूच्या गल्लीतल्या साध्या दुकानातसुद्धा, आणि तिथल्या मालकिणीने तिसऱ्या वेळी त्यांची ऑर्डर न विचारता ठेवली. उपासमार झाली म्हणणाऱ्याने निदान एक वाडगा समोर घेऊन मग बोलावं.

फूहांग सोमवारी बंद असतं, त्या दिवशी जाऊ नका.