लेझरने आयसोटोप मोजायचे म्हणजे: तुमचे प्रश्न

सर, चिपळूणला एमएस्सी करतोय. रुबिडियमच्या सेलमधून (वाफ भरलेली बंद काचेची नळी) डायोड लेझर सोडला, त्याचा रंग ७८० नॅनोमीटरच्या आसपास थोडा थोडा बदलत नेला, पलीकडे येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात चार खड्डे दिसले. ८७ आणि ८५ या रुबिडियमच्या आयसोटोपचं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) प्रमाण ०.३९ यायला हवं, येतंय ०.६. सेल गेला का?

सेल बरा आहे रे, उगाच त्याला दोष नको. तू खड्ड्यांची खोली सरळ स्क्रीनवरून मोजलीस ना? मधले दोन खड्डे ८५चे, बाहेरचे दोन ८७चे. निसर्गात ८५ असतो ७२.१७ टक्के, त्यामुळे मधल्या खड्ड्यात प्रकाश जवळजवळ संपलेलाच असतो, आता अजून काय संपणार, तळ लागलेल्या विहिरीत कितीही दोर सोडलास तरी पोहरा खाली जायचा नाही. ८५ कमी दिसतो, प्रमाण फुगतं. आधी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रकाशाच्या गुणोत्तराचा लॉग घे, मग क्षेत्रफळ काढ, आणि प्रत्येक आयसोटोपच्या दोन्ही खड्ड्यांची बेरीज कर. नुसते दोन मोठे खड्डे घेतलेस तर ०.४१ येईल, तेही चूकच.

आणि हो, मे महिन्यात बिनाएसीच्या लॅबमध्ये केलंस का? दहा अंश वाढले की रुबिडियमची वाफ दुपटीहून जास्त होते. सकाळी लवकर जा, लेझरची पॉवर अगदी कमी ठेव.

देवगडला हापूसची बाग आहे. कर्नाटकातला आंबा आमच्या नावाने खपवतात. स्ट्रॉन्शियमवरून मुलूख कळतो म्हणे, मग मार्केटातच लेझर मारून बघता येईल का?

भाऊ, कल्पना चांगलीय. झाड कॅल्शियमसोबत स्ट्रॉन्शियम उचलतं आणि ८७ ला ८६चं प्रमाण जमिनीचंच राहतं. आपला बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, तिकडचे नाईस नावाचे पट्टेदार खडक कित्येक पट जुने, त्यांच्यातल्या रुबिडियम-८७चं स्ट्रॉन्शियम-८७ होत आलेलं, म्हणून तिकडे प्रमाण जास्त. पण बेळगावकडेही बेसाल्ट आहेच, आणि तुमच्या बागेवर खारा वारा समुद्राचं ०.७०९ हे प्रमाण आणून टाकतो, ते वेगळंच.

लेझरची खरी अडचण अशी, की ४६१ नॅनोमीटरच्या निळ्या रेषेत (अणू जो नेमका रंग शोषतो ती रेष) स्ट्रॉन्शियमच्या ८६ आणि ८८ यांच्यात फरक जेमतेम १२५ मेगाहर्ट्झ, आणि ५०० अंशांवरच्या वाफेत अणू इतके पळत असतात की रेषाच १४०० मेगाहर्ट्झ रुंद होते, मग दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. अणूंची बारीक धार सोडून तिला आडवा लेझर मारला तर सुटतात, पण तुम्हाला फरक हवा तिसऱ्या-चौथ्या दशांशात. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरच, म्हणजे अणू वजनावरून वेगळे करणारं यंत्र. त्याचंही दुखणं आहे, रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ त्याला सारखेच वाटतात, आधी केमिस्ट्रीने वेगळे करावे लागतात. लेझर ती चूक करत नाही, पण पेटी फोडून लगेच निकाल, हे विसरा.

लिथियमचं तर सोपं असेल ना, इतका हलका? (मालवण)

निम्मं सोपं. लिथियम-६ आणि लिथियम-७ यांच्या रेषांत १० गिगाहर्ट्झचं अंतर, भरपूर झालं. पण लिथियमची लाल रेष मुळातच जोडीची, आणि त्या जोडीतलं अंतरही १० गिगाहर्ट्झच! म्हणून ७ची एक रेष नेमकी ६च्या एका रेषेवर जाऊन बसते. कडेच्या दोन मोकळ्या रेषा धरायच्या. आणि काचेच्या नळीत तापवू नका, गरम लिथियम काच खातो.